चाळीस पावलं

कंपनीचं नाव ट्रामच्या अंगावर मावेना,
रंगाऱ्यानं शेवटची अक्षरं दाराशी दाटीनं कोंबली:
थॉर्नली, क्रेक मूर आणि जिल्हा इलेक्ट्रिक ट्रामवेज.
जिल्हा कुठला, ते कुणी विचारलं नाही.

मी तिथं हिशेब लिहायचो.
संचालक लंडनचे. वर्षातून एकदा यायचे,
तेही घोडागाडीतून.

नगरपालिकेचे रूळ रुंद, आमचे अरुंद,
साडेआठ इंचांचं भांडण;
ते ना कोर्टात मिटलं, ना जेवणाच्या टेबलावर.
म्हणून हद्दीवर, पॉग्सन खाटकाच्या दुकानासमोर,
आमची ट्राम थांबायची, त्यांची थांबायची,
आणि मधली चाळीस पावलं
लोक पायी चालायचे,
पोरं कडेवर, छत्र्या उलट्या,
एकदा कुणीतरी भिंतीवरचं घड्याळ घेऊन,
तेही टोले देत.
भागधारकांच्या हाती फुटकी कवडी आली नाही.
पॉग्सननं मात्र दुसरा मजला चढवला.

धुक्यात इनॉक बॅटी ट्राम हाकायचा,
पुढे कंदील घेऊन कंडक्टर.
वीज होती, पण वाट दाखवायला रॉकेलच लागायचं.

लढाईत पुरुष गेले. हेस्टर लंब आली,
बाह्या दुमडलेला कोट, गळ्यात तिकिटाचा पंच.
दर तिकिटाला एक टिंग, आणि आत आकडा पुढे सरके.
तीन वर्षांत तिचा हिशेब पेनीनंही चुकला नाही.
पुरुष परतले, म्हणजे जे परतले ते.
सातही बायकांना पत्रं गेली:
'कंपनी आपली ऋणी आहे.'
अक्षर माझं. चांगलं वळणदार.

कोट धुऊन आणला तिनं.
पंच टेबलावर ठेवण्याआधी
एकदा दाबला, तिकीट न घालता.
टिंग.
माझ्याकडे पाहिलं, आणि गेली.

आकडा एकानं जास्त, पैसे एका पेनीनं कमी.
कुठल्या रकान्यात लिहू?
खिशातली पेनी काढून गल्ल्यात टाकली.
बाकी बत्तीस वर्षांच्या वह्या
कुणीही तपासाव्यात.

मग बस आल्या. नगरपालिकेनं आम्हाला घेतलं
आणि महिन्याभरात रूळ उपटले,
रुंद, अरुंद, दोन्ही.
नऊ नंबरची ट्राम मूरवर कोंबड्यांना गेली;
वरच्या मजल्यावर त्या बसत नाहीत म्हणे.

आता बस हद्दीवर थांबतही नाही.
मी एक थांबा आधी उतरतो,
पॉग्सनच्या नातवाला हात करतो, चालतो, मोजतो.
चाळीसाची आता बावन्न झालीत.
रस्ता तेवढाच आहे.