गार नको

बसल्या बसल्या निवास लोहार सांगतो,
'एक बियर. गार नको.'
कल्लाप्पा आधी माझ्याकडं बघतो.
मी मान हलवतो. आण बाबा, त्याचं ऐक.

एक्याऐंशी साली पंपाच्या कारखान्यानं
त्याला तीन महिने इंग्लंडला धाडलं,
कसल्याशा व्हॉल्व्हचं शिकायला.
व्हॉल्व्हचं तो कधीच बोलला नाही.
बोलला ते त्या गावातल्या पबांचं.
एक चर्चच्या मागं, एक कालव्यावर,
दारं इतकी बुटकी की गाभाऱ्यात शिरल्यासारखं वाकायचं.
एका पाटीवर नांगर, एका पाटीवर हंस,
'आणि लेका, काउंटरवर हापसा!'

तळघरात लाकडी पिंप.
पिंपात बियर अजून जिवंत,
आंबतेय, आपल्या आपण काहीतरी ठरवतेय,
आणि वर एक बाई दांडा ओढतेय,
आपल्या गल्लीत घागरी भरतात तशी.
पहिल्या रात्री त्यानं पिण्याआधी स्ट्रोक मोजले.
एका पेल्याला दोन, आणि वर थोडा.
तिसऱ्या रात्री त्याला कळलं, वायसर गेलाय.
चौथ्या रात्री खिशातून पाना काढला.
बाईनं त्या दिवशी पैसे घेतले नाहीत.

चव विचारली की अडतो.
'भाकरीचा पापुद्रा जरा करपला ना, तशी.'
दुसऱ्यांदा विचारलं तर, 'ओल्या पोत्याची.'
आणि थंड?
'विहिरीइतकी. फ्रीजइतकी नाही.'

म्हणून आम्ही दुसऱ्या शनिवारी हिंडतो.
स्टँडमागचं 'संगम', पडद्यांच्या खोल्यांचं.
यार्डाजवळचं 'नवरत्न', तिथं ग्लासालासुद्धा हळदीचा वास.
मिरजेत स्टेशनासमोरचं, नाव पुसून गेलेलं,
नुसतं 'परमिट रूम' उरलेलं.
सगळीकडं तीच बाटली,
बाहेरून घाम फुटलेला, आत काहीच घडत नाही.
निवास दोन घोट घेतो, शेंगदाणे संपवतो,
उरलेली माझ्याकडं सरकवतो.
मला गारच आवडते.
एवढ्या वर्षांत हे त्याला सांगितलेलं नाही.

महापूर ओसरला त्या आठवड्यात
'नवरत्न'चे फ्रीज रस्त्यावर आडवे पडलेले,
कल्लाप्पा खराट्यानं गाळ लोटत होता.
लाईट नाही, नळाला पाणी नाही.
मागच्या बोळात जुना हापसा, जाम.
निवासनं सायकलच्या ट्यूबचा तुकडा मागितला.
अर्धा तास नुसत्या शिव्या आणि ग्रीस.
मग दांडा खाली गेला, वर आला,
गढूळ आलं, तांबूस आलं,
बऱ्याच वेळानं निवळ.
कल्लाप्पानं सवयीनं ग्लास धरला, तिरका.

मालकानं वाचलेल्या दोन बाटल्या आणल्या,
कोमट, लेबलं गळून गेलेली.
हापशापाशी उभ्यानंच प्यालो.
निवासनं पहिल्यांदाच पूर्ण संपवली.
पैसे काढले तर मालक हात जोडून मागं सरला.

पुलावर येईपर्यंत निवास बोलला नाही.
खाली नदी, अजून मातकट, अजून रुंद.
मग एकदम मला विचारलं,
'त्या बाईचं नाव काय होतं रे?'
जसा काही मीही तिथंच होतो.