होतं तसं

मार्केट यार्डात, उपाध्यांच्या अडत दुकानात
हळदीची धूळ कीबोर्डच्या फटीफटीत बसलेली.
एंटरचं बटण तर कायमचंच पिवळं.

बाहुबलीअण्णा म्हणाले,
"शाहीन, तुझ्या त्या सेटिंगच्या खिडकीत
नातवानं काल बोट घातलं.
पोत्यामागं घट एक किलो होती, ती दीड झाली.
आधी किती होती, खिडकी सांगत न्हाई.
मला पाठ हाय म्हणून बरं."

मीच लिहिलेली खिडकी.
'जतन करा', 'बंद करा', दोनच बटणं.
माणूस ठरवूनच बटण दाबतो
असं मला तेव्हा वाटायचं.

अण्णांनी गल्ल्याखालची वही काढली.
चुकल्या आकड्यावर एकच आडवी रेघ,
खालचा आकडा वाचता येईल अशी,
शेजारी बारीक सही.
"खोडायचं. बुजवायचं न्हाई."
एवढं बोलून चहा मागवला.

रात्री विश्रामबागच्या खोलीत
नवी खिडकी मांडली.
नव्या आकड्याशेजारी जुना, राखाडी,
त्याच्या कडेला माघारी वळलेला बाण.
खाली एक बटण, त्याला नाव सुचेना.
'पूर्ववत करा' लिहिलं, तर जप्तीची नोटीस वाटली.
'रद्द करा' म्हणजे कुणी खेकसल्यागत.
दीड वाजता लिहिलं, 'होतं तसं'.
नि तिथंच अडले.

कुठवर मागं येऊ द्यायचं?
खिडकी मिटेपर्यंत? दिवस मावळेपर्यंत?
काट्यावरनं उतरून ट्रकात चढलेल्या पोत्याचं काय,
ज्याची पट्टी कवठ्याच्या कुणाच्या तरी
खिशात घडी होऊन निघून गेली?

सकाळी विचारलं.
"पट्टी फाडेपर्यंत," अण्णा म्हणाले.
"त्याच्यापुढं माघारी न्हाई. नवी पट्टी करायची,
नि आधी त्या माणसाला फोन."

म्हणून आता पट्टी छापली
की बाण पुसट होतो, जात नाही.
त्याच्यावर बोट ठेवलं तर
शेतकऱ्याचा नंबर दिसतो.

परवा पार्श्वनं घट सात वेळा बदलली,
सात वेळा जागेवर आणली.
अण्णा ओरडले नाहीत.
पोरगं खेळायला पळाल्यावर
त्यांनी दाराकडं एकदा बघितलं,
चष्मा कपाळावर सारला,
आणि एका बोटानं, कधी नव्हे ते,
स्वतः एक आकडा बदलून बघितला.