चिलटांचा स्वयंपाक

सकाळी सातला कौतिकाबाई चिलटांचा स्वयंपाक चढवतात:
मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट, वर चिमूटभर अगर.
"पाहुणे लई गरीब," म्हणतात,
"बगर मिठाचं खायलेत अन् नाव ठेवीनात."
गुठळी राहिली की मात्र
घरच्या पिठल्यावर चिडावं तशा चिडतात.

लेण्यांच्या डोंगराकडून ऊन खिडकीत उतरतं,
तेव्हा मी येते
आणि निम्म्या नळ्यांत पॅराक्वाट मिसळते.
तणनाशक. इथे थेंबाचाही हिशेब वहीत.

आबा जालन्याला, भंगाराच्या वजनकाट्यावर.
फोनवर विचारतात, "काय करायलीस?"
गंज बघायलेय.
"कशाचा?"
आतड्याचा.
मग बराच वेळ नुसता ट्रकचा हॉर्न.

पण गंजच तो.
प्राणवायूच, जगवणारा,
एक इलेक्ट्रॉन जास्तीचा मिळाला की पिसाळतो,
दिसेल त्याचा लचका तोडतो.

अस्तराच्या बुडाशी टेकून मूळपेशी बसलेल्या असतात,
पेरणीसाठी बाजूला काढलेल्या बियाण्यासारख्या.
वरचं झिजलं की एखादी दुभंगते:
एक जागेवर राहते, एक कामाला जाते.
थोडी धग त्यांनाही लागते,
धगीशिवाय त्या उठतच नाहीत.

मला वाटलं होतं, विषानं त्या मरतील.
मेल्या नाहीत. घाई करू लागल्या.
दुभंगल्या, पुन्हा दुभंगल्या,
सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे ठिपके
रात्रीच्या एमआयडीसीसारखे पसरत गेले
आणि एकीलाही कळेना आपण कोण व्हायचं,
पचवणारी की पाझरणारी.
नुसती गर्दी. अस्तर नाही.

आबा सांगायचे, गंजाचंही वजन भरतं काट्यावर,
पण भट्टीत गेला की त्याची सळई होत नाही.

काल खाण्यात निळा रंग घातला.
अस्तर धड असेल तर निळं पोटातच राहतं.
एक चिलट मात्र डोळ्यांपर्यंत निळं,
पायांच्या टोकांपर्यंत.
विषाच्या नळीतलं नव्हतं ते.
साध्या नळीतलं. चाळिसाव्या दिवसाचं.
नुसतं जगूनही तिथंच पोचलेलं,
सावकाश.

कौतिकाबाईंनी नळी उजेडाला धरली.
"ह्याला काय झालं हो?"
पोटातलं पोटात राहिलं नाही, मी म्हटलं.
आधी त्या हसल्या.
मग हसल्या नाहीत.
पातेलं विसळायला वळल्या, नळ सोडला
आणि पाण्याच्या आवाजाआडून म्हणाल्या,
"उद्याच्याला गूळ जरा जास्ती टाकू का?
म्हाताऱ्या नळ्यांपुरता?"

प्रमाण ठरलेलं असतं, बाई,
असं म्हणायला हवं होतं मी.