तुलनेसाठी

बेलापूरला, दवाखान्याच्या तळघरात,
केणी डॉक्टरांनी यांचा मेंदू पडद्यावर आणला.
अक्रोडासारखा असतो म्हणतात.
मला तो आमच्या घणसोलीच्या खाडीसारखा दिसला,
सुकतीला वरून बघावी तशी:
चिखलात नागमोडी चर, मध्येच कुठे चमकणारं पाणी.

"हा देठ," पेनाचं टोक खाली नेत त्या म्हणाल्या,
"श्वास घे, असं इथून सांगितलं जातं.
झोपेत घसा मिटतो. हाक जाते, पण हवा जात नाही."
दार आतून लागलेलं, मी मनात म्हटलं.
त्या दाराबाहेर मी अकरा वर्षं उभी आहे.

आधी घोरणं असतं.
मग काहीच नाही.
त्या काहीच नाहीत मी मोजते.
दहापर्यंत कुणीही मोजेल.
विसानंतर आकड्यांना वजन येतं.
एकदा एकतीसला मी देवाला काहीतरी बोलले होते,
काय ते इथे सांगणार नाही.
मग फडफडत, खरवडत, श्वास घरी येतो
आणि हे कूस बदलतात.
सकाळी म्हणतात, झकास झोप लागली.

प्राण कंठाशी आले, असं आपण उगाच म्हणतो,
दळण आणायला उशीर झाला तरी.
यांचे येतात. तासाला बेचाळीस वेळा.
रिपोर्टवर छापलंय.

महापेच्या सिग्नलला यांची बस उभी होती.
हिरवा झाला, तांबडा झाला, पुन्हा हिरवा.
कंडक्टर फडतऱ्यांनी येऊन खांदा हलवला.
कुणाला काही झालं नाही.
आता डेपोत टायरांची नोंद ठेवतात,
आणि जेवताना मधेच
स्वतःच्या हातांकडे बघत बसतात.

त्या नळकांड्यात यांना जागंच ठेवलं होतं.
"नळीत फुंका, जोर लावून. धरा. सोडा."
पेटायच्या त्या जागा पेटल्या,
पण काही उशिरा, असं डॉक्टर म्हणाल्या.
झोपेने मेंदू बिघडला, की मेंदूमुळे झोप?
"अजून ठाऊक नाही. मोजकीच माणसं तपासलीत."
ठाऊक नाही म्हणणारा डॉक्टर
मी पहिल्यांदा पाहिला.

मग त्यांना तुलनेसाठी माणसं हवी होती.
त्याच वयाची, धडधाकट, शांत झोपणारी.
"तुम्ही याल?"

जोडवी निघेनात. साबण लावून काढली,
कागदाच्या पुडीत बांधून यांच्याकडे दिली.
अर्जातला सातवा प्रश्न:
रात्री सलग झोप लागते का?
पेन जरा अडखळलं.
मला काय झालंय, मी तर घोरतसुद्धा नाही.
हो, लिहिलं.

आत ठोकाठोकी, जणू शेजारी फरशी बसवतायत.
कानात ओवेसचा आवाज, कोवळा पोरगा:
"काकू, आता श्वास रोखा."
रोखला.
आणि सवयीने मोजायला लागले.
सात, आठ.
अंधार ओळखीचा होता.
पंधराला तो म्हणाला, सोडा.
एकोणीस.
"काकू, सोडा."
पण पलीकडून अजून आला नव्हता ना,
मी कशी सोडणार?

केणी डॉक्टरांनी अर्ज पुन्हा हातात घेतला.
सातव्या प्रश्नापाशी थांबल्या,
माझ्याकडे बघितलं, रागावल्या नाहीत.
"तुम्ही तुलनेला चालणार नाही," म्हणाल्या,
आणि चहा मागवला.

हे काचेपाशी उभे होते.
पुडी माझ्या हातात देत म्हणाले,
"फार वेळ धरलास."
"किती?"
"मी कशाला मोजतोय!"

डाव्या हाताची चार बोटं
अजून मुडपलेली होती.