बियाण्याचा कोसा

कॉलेजच्या मागच्या खोलीत, जिथे पंखा लावला की दिवा मंदावतो,
अठ्ठावीस बरण्या माझ्या ताब्यात आहेत.
दर अमावास्येला (हिशोब माझा, सरकारी नाही)
मी झाकणं उघडते, फॉर्मॅलिन कमी झालं का बघते,
डोळ्यांना पदर लावते, पुन्हा घट्ट करते.

एकोणिसाव्या बरणीत समुद्र होता.
रत्नागिरीहून एस.टी.नं निघाला, वाटेत कुठंतरी सांडला.
आरमोरीला पोचली फक्त ही थैली,
बोटभर लांब, चपटी, तपकिरी.
लेबलावर कुणीतरी वळणदार अक्षरात लिहिलं होतं ‘अंडकोष’.
पोरं इतकी हसली की भोंडेकर सरांनी ब्लेडनं खरवडलं
आणि लिहिलं: कास्थिमत्स्य, मादीचं अंडं, कवचासह.
मग कोणी हसलं नाही.
कोणी बघितलंही नाही.

सर शिकवत होते, मी ट्रे धरून दारात.
आईच्या कवचग्रंथीत असते तेव्हा ही थैली पांढुरकी, मऊ,
वाळत घातलेल्या पापडाच्या पहिल्या तासासारखी.
मग कॅटेकॉल, एक विकर, थोडा प्राणवायू,
आणि प्रथिनांचे धागे एकमेकांना धरतात ते सोडत नाहीत.
वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, तशातलंच,
फक्त इथं काळं पडणं कामाचं.

“आणि आत बलकात युरिया.”
अख्खा वर्ग वर बघू लागला.
रसायनशास्त्रातलं हे एकच नाव त्यांनी पाठीवरून वाहिलं होतं,
बांधीच्या धुऱ्यावरून, चिखलातून.
सर म्हणाले, बाहेर एवढं मीठ की अंगातलं पाणी ओढून घेईल.
म्हणून आपण जे मुतून टाकतो
ते ही जपते, अंड्यातही भरून ठेवते.
पोर समुद्राला भेटायच्या आधीच
समुद्राच्या तोलाचं.

नराचं बीज ती त्याच ग्रंथीच्या घड्यांत सांभाळते.
महिने. कधी वर्षं.
मागच्या बाकावरच्या मुली एकमेकींकडे बघत नव्हत्या.
माझा नवरा करीमनगरच्या राइस मिलमध्ये गेला
त्याला तेव्हा सतरा महिने झाले होते.
मी ट्रे खाली ठेवला.

त्याच आठवड्यात माय आली, चष्म्याच्या नंबरासाठी,
मधल्या सुट्टीत माझ्या खोलीत टेकली.
आम्ही धिवर. पाण्यातला मासा आणि ऐनावरचा कोसा,
दोन्ही तिच्या बोटांतून गेलेले.
बरणी उजेडात धरून म्हणाली,
“हा कोसा कोनच्या झाडाचा?”
झाडाचा नाही, माशाचा, मी म्हटलं.
तिला नवल वाटलं नाही.
“पोर बाहीर कसं निघते मंग?”

मी सांगितलं जेवढं दारातून ऐकलं होतं.
आई अंडं घालते आणि निघून जाते.
पोर आत शेपटी हलवत राहतं.
थोडं वाढलं की कवचाच्या कडेला बारीक चिरा आपोआप उघडतात,
समुद्र आत येतो,
आणि एक दिवस पोर टोकाकडून बाहेर.

“उकडत नाई का कोनी?”

याचं उत्तर सरांनी दिलं नव्हतं.
आमच्या घरी शेकड्यानं कोसे उकळत्या पाण्यात गेले,
त्या वासात मी दहावीचा अभ्यास केला.
फॉर्मॅलिनही प्रथिनं बांधतं, एकमेकांशी, कायमची;
हे मी नंतर मॅडमच्या पुस्तकात वाचलं.
आईसारखंच बांधतं.
चिरा तेवढ्या ठेवत नाही.

मायनं बरणी कानाशी नेली, हळूच हलवली,
जशी दर हंगामात एकेक कोसा हलवते,
हलका निघाला तर एका टोपलीत,
जड निघाला तर दोरीला, छपराखाली, पुढच्या पिढीसाठी.
मी म्हणणार होते, माय, ते पाणी वाजतंय.

“जड हाये,” ती म्हणाली.
“हा बियान्याचा. याले एकीकडं ठेव.”