दावं

आचाओच्या हार्डवेअर दुकानात
बेनिग्नो दोन ड्रिल काउंटरवर ठेवतो
आणि मासा तोलायला द्यावा तसा म्हणतो,
"उचलून तर बघ, उमिल्दे."

वायरचं हलकं.
बिनवायरचं बुडाशी जड,
अंड्यांवरून उठवलेल्या कोंबडीसारखं,
हातात ऊबही तितकीच नाराज.

मी भिंतींना लाकडी खवले बसवते,
खालून वर, एकावर एक, माशाला असतात तसे.
या बेटावर कोरडा दिवस पाहुण्यासारखा येतो, बसतही नाही.
ओल्या शिडीवरून वायर ओढत चढायचं
म्हणजे गाय दाव्यासकट माळ्यावर न्यायची.
दावं कुठंतरी अडकतंच.
आणि मग आपणच उतरायचं, सोडवायचं,
पुन्हा चढायचं.

रुदेसिंदोमामाची वायर चाळीस मीटर होती.
सात ठिकाणी काळी पट्टी, आठव्या ठिकाणी देवाचं नाव.
टोकाला पोचेपर्यंत वीज दमलेली असायची,
लुमाच्या कठीण लाकडात ड्रिल कण्हायचं.
पण कण्हत का होईना, आरपार जायचं.
बॅटरी कण्हत नाही.
शेवटच्या स्क्रूपर्यंत तरणीताठी फिरते
आणि अर्ध्या आट्यावर एकदम गप्प.
रुसलीय की मेलीय, विचारायची सोय नाही.

मामा ज्या घराचं काम करायचा
तिथं वीज बहुधा नसायचीच.
मग शेजारी जाऊन प्लग मागायचा.
बहुतेक वेळा ओतील्याकडे.
तिची खिडकी वायरपुरती उघडी राहायची, दोन बोटं,
आणि त्या दोन बोटांतून
चुलीची सगळी ऊब बाहेर, तिची बडबड बाहेर,
थोड्या वेळानं भाजलेला बटाटाही बाहेर.
"गारठ्याचे पैसे कोण देणार, रुदेसिंदो?"
महिन्याच्या बिलापोटी तो तिच्या खुराड्याची कडी बसवून द्यायचा.
ती कडी दर महिन्याला कशी काय निखळायची,
हे मी लहान होते म्हणून विचारलं नाही.

मी बिनवायरचं घेतलं.
सोबत दोन बॅटऱ्या, एक चार्जर.
करवत मात्र जुनीच, वायरचीच ठेवली;
सायप्रसची फळी कापताना बॅटरी
पाहुण्यांपुढच्या पावासारखी संपते.
पण फळ्या मी घरीच कापून आणते, त्यामुळे
तीन दिवसांत दोन भिंती झाल्या.
ना गुंता, ना उतरणं, ना कुणाचे उपकार.
ओतील्याची खिडकी समोरच होती. बंद.
काच आतून धुरकटलेली.
एकदा तिनं बाहीनं गोल पुसला, पाहिलं.
मी हात हलवला.
गोल पुन्हा धुरकटला.

चौथ्या दिवशी शिडीच्या पायऱ्यांवर दहिवर गोठलं.
गाडीत रात्रभर ठेवलेल्या बॅटऱ्या
चार्जर घेईना. लाल दिवा उघडझाप, उघडझाप.
कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं:
फार थंड असल्यास भरत नाही.
हे बेनिग्नोनं सांगितलं नव्हतं.
मीही विचारलं नव्हतं म्हणा.

दार उघडताना ओतील्या म्हणाली,
"आता तुझ्या यंत्राला शेपूट नाही ना?"
"शेपूट नाही," म्हटलं, "पण भूक आहे."

चार्जर चुलीपासून हातभर अंतरावर, फळीवर,
लसणाच्या जुडीशेजारी.
बॅटऱ्या आधी नुसत्याच शेकायला ठेवल्या.
आम्ही दोघी बसलो. बोलायचं काही ठरलं नव्हतं.
मामाचा विषय तिनं काढला नाही,
फक्त मातेचा तो फुटक्या कानाचा पेला
बाजूला सारून दुसरा घेतला.

तासाभरानं फळीवर दिवा बदलला.
तिनं चष्मा वर केला.
"हिरवा झाला. म्हणजे?"
"म्हणजे तयार."
"उलटंच की सगळं," ती म्हणाली,
"आमच्याकडे हिरवं म्हणजे अजून कच्चं."

आणि केटली पुन्हा चुलीवर ठेवली.
भिंत अजून निम्मी उघडी होती.
दुसरी बॅटरी लावली.