बेडगचा र

मिरज स्टेशनसमोर, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
चौगुले सरांनी तीन महिने बसून माझा र काढला.
‘वॉटर नाही, वॉटऽ. डॉक्टर नाही, डॉक्टऽ.
शेवटचा र गिळायचा, वैजयंता, पेरूच्या बीसारखा.’
मी गिळला. परीक्षा पास झाले.
विमानात बसले तेव्हा पोटात पुष्कळ र होते.

आणि ग्लासगोत उतरले तर टॅक्सीवाला
अख्खाच्या अख्खा र घोळवत बोलत होता,
बेडगच्या बाजारात वांगी विकायला बसल्यासारखा.
बाकीचं काही कळलं नाही.
तो विचारत होता, मी पाकीट उघडून दाखवत होते.
त्याला फक्त माझं गाव हवं होतं.

वॉर्डातल्या पहिल्या आठवड्यात एका बाईनं विचारलं,
आज मी पीली-वॉली दिसतेय का?
मी तिचे डोळे तपासले, नखं तपासली,
डॉक्टरांकडून काविळीची तपासणी लिहून घेतली.
ती नुसती फिकट होती.
तिकडं सगळेच फिकट, मला काय माहीत.
मोरॅग सिस्टर ‘मेसेज आणते’ म्हणून गेली
आणि दूध-अंडी घेऊन परत आली.
रोज रात्री वहीत लिहायची मी, तारखेसकट,
दहावीला लिहायची तसं.

चार नंबरच्या खाटेवर मॅकॅलम म्हातारा.
कवळी ग्लासात, तोंडात नुसते स्वर.
त्याच्या गावच्या पोरीसुद्धा ‘पार्डन?’ म्हणून थकलेल्या.
मला तो एका रात्री तीन वाजता एकदम कळला.

पानमळ्यात कवळ्या बांधताना आय अशीच बोलायची.
गालात तंबाखूचं पान, बोटांत मोजणी चाललेली,
ओठ न उघडता, ऊं ऊं आं,
म्हणजे शेवरीच्या बुडातली घागर आण.
आं ऊं, म्हणजे राहू दे, बापाला सांग.
कधी चुकले नाही मी.

म्हाताऱ्याला खिडकी उघडी हवी होती.
उघडली. गारठा आत आला.
तो म्हणाला, आय.

तिथं होकार म्हणजे आय.
दुखतंय का? आय.
चहा देऊ? आय.
रात्रभर या खाटेवरून त्या खाटेवरून
टकलाचे, दाढीचे, ऐंशीच्या पुढचे
आयला हाका मारायचे
आणि पहिले सहा महिने
मी दर वेळी दाराकडं बघायची.

आता तीन आठवड्यांची रजा.
स्टँडवर चौगुले सर भेटले. ‘डॉक्टर म्हण बघू.’
म्हटलं.
सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला.
‘र परत आला की गं.’
मग पुढच्या बॅचचं सांगत बसले,
यंदा अकरा पोरी आहेत, एक सोनीची, फार हुशार.
मी काही बोलले नाही. बस लागली होती.

मळ्यात ऊन वेलांतून गाळून पडलेलं.
आयनं बाजूला पिंक टाकली,
मोकळ्या तोंडानं, चक्क शब्दांत विचारलं,
‘तिकडं करमतंय का गं तुला?’

मी म्हणाले, ‘आय.’

‘काय?’

‘काही नाही.’

तिची मोजणी चुकली होती.
पहिल्यापासून पानं मोजायला लागली.
मी केळीचं सोपट भिजवून
एक टोक धरून बसले.